ॲरिझोना-मेक्सिको सीमेलगतच्या हरीण-शिकारीतील सुरक्षितता

ॲरिझोना-मेक्सिको सीमेलगतच्या हरीण-शिकारीतील सुरक्षितता हा अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या दक्षिण भागातील परवानाधारक हरीण-शिकारीशी निगडित विषय आहे. हा भाग मेक्सिकोच्या सोनोरा राज्याला लागून आहे. येथील डोंगररांगा कूझ हरणाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध आहेत. याच डोंगरांतून स्थलांतरितांच्या आणि तस्करांच्या पायवाटा जातात आणि सीमा गस्ती दलाचा पहाराही येथेच असतो. शिकारी, स्थलांतरित, तस्कर आणि गस्तीचे जवान असे चार गट एकाच भूप्रदेशात वावरत असल्यामुळे नेहमीच्या शिकारविषयक नियमांना येथे आणखी काही नियमांची जोड द्यावी लागते.

सीमेलगतच्या शिकारीत सशस्त्र टोळीशी गाठ पडण्याची भीती सर्वाधिक बोलली जाते. तथापि तहान, ऊन, कडेकपारी आणि बंदुकीची निष्काळजी हाताळणी हे शिकारीतील नेहमीचे धोके येथेही तितकेच गंभीर असतात. सीमेमुळे त्यांत मुख्यतः ओळखीच्या चुकीची भर पडते. ही चूक माणूस ओळखण्यात, सीमारेषा ओळखण्यात किंवा जमिनीचा मालक ओळखण्यात होऊ शकते. सुरक्षिततेचे बहुतेक नियम ती टाळण्यासाठीच आहेत.

## भौगोलिक पार्श्वभूमी

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातील सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटर लांब असून तिचा साधारण ६०० किलोमीटरचा भाग ॲरिझोना राज्यात येतो. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो करारानंतर ३० डिसेंबर १८५३ रोजी झालेल्या गॅड्सडेन खरेदी करारान्वये अमेरिकेने १ कोटी डॉलर देऊन हिला नदीच्या दक्षिणेकडील प्रदेश मेक्सिकोकडून घेतला. आजची रेषा या करारातून निर्माण झाली. ती बहुतांशी नकाशावर आखलेली सरळ रेषा असल्यामुळे डोंगर, दऱ्या आणि ओढे यांना आडवी छेदत जाते. एखादी दरी उतरत गेल्यास कोणतीही नैसर्गिक खूण न ओलांडता माणूस दुसऱ्या देशात पोहोचू शकतो.

या प्रदेशात वाळवंटी मैदानातून अचानक उंच पर्वत उठलेले दिसतात. त्यांना ‘आकाश-बेटे’ असे म्हटले जाते. वाचूका, सांता रिता, चिरिकावा, पॅटागोनिया आणि अटास्कोसा या त्यांतील प्रमुख रांगा होत. वाचूका रांगेतील मिलर शिखर सुमारे २,८८५ मीटर उंच आहे. पायथ्याशी निवडुंग, त्यावर गवताळ उतार, मग ओकची विरळ झाडी आणि माथ्यावर पाइनचे जंगल असे पट्टे येथे आढळतात. यांपैकी बराच भाग कोरोनाडो राष्ट्रीय वनात मोडतो.

## कूझ हरीण आणि शिकारीची पद्धत

कूझ हरीण ही पांढऱ्या शेपटीच्या हरणाची लहान चणीची उपजाती आहे. अमेरिकी लष्करातील शल्यवैद्य आणि पक्षिशास्त्रज्ञ इलियट काउझ (१८४२-१८९९) यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. त्यांच्या आडनावाचा मूळ उच्चार ‘काउझ’ असला, तरी शिकाऱ्यांमध्ये ‘कूझ’ हाच उच्चार रूढ आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन क्वचितच ४५ किलोग्रॅमच्या वर जाते. राखाडी रंगामुळे हे हरीण ओकच्या झाडीत सहज दिसत नाही. सखल भागात म्यूल हरीण ही मोठी जातीही आढळते.

या हरणाची शिकार प्रामुख्याने दुर्बिणीच्या साहाय्याने केली जाते. पहाटे उंच कड्यावर बसून, तिपाईवर लावलेल्या दुर्बिणीतून समोरचा उतार तासन्‌तास न्याहाळला जातो. सावज दिसल्यावर सावकाश अंतर कमी करून नेम धरला जातो. बार बहुधा दरीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर, लांब पल्ल्याचा असतो.

या पद्धतीचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. शिकारी ज्या उंच जागा निवडतो, त्याच जागा तस्करांचे टेहळे निवडतात आणि सीमा गस्ती दलाचे जवानही तेथूनच पाहणी करतात. झाडीच्या रंगाचे कपडे घालून, शस्त्र आणि दुर्बीण घेऊन कड्यावर निश्चल बसलेला माणूस या तिघांपैकी कोण आहे, हे दुरून सांगता येत नाही.

राज्याच्या वन्यजीव व मत्स्य विभागाकडून शिकारीचे नियमन होते. रायफलच्या हंगामासाठी सोडतीद्वारे मर्यादित परवाने दिले जातात. राज्याचे क्रमांकित शिकार-विभाग पाडलेले असून नोगालेस, आरिव्हाका आणि वाचूका परिसरातील ३५ व ३६ क्रमांकांचे उपविभाग सीमेलगतच्या शिकारीसाठी ओळखले जातात. सीमा-सुरक्षेच्या कामामुळे शिकारीवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना विभागाच्या नियमपुस्तिकेत सीमेलगतच्या विभागांसाठी दिलेली असते. परवान्यासाठी अर्ज करण्यापूर्वीच ती वाचणे आवश्यक मानले जाते. सीमेपासून दूरच्या डोंगरांतही कूझ हरणे असल्यामुळे तेथील विभाग निवडण्याचा पर्यायही उपलब्ध असतो.

## धोक्यांचे स्वरूप

१९९० च्या दशकात शहरांलगतच्या सीमेवर बंदोबस्त वाढविण्यात आला. त्यानंतर बेकायदा वाहतूक दुर्गम डोंगराळ आणि वाळवंटी भागांकडे सरकली. तेव्हापासून दक्षिण ॲरिझोनाच्या वाळवंटात हजारो स्थलांतरितांचे मृतदेह आढळले असून ऊन आणि पाण्याचा अभाव ही या मृत्यूंची प्रमुख कारणे आहेत. झुडपांत हालचाल करणारी व्यक्ती अनेकदा वाट चुकलेली आणि अत्यवस्थ असू शकते, हे शिकाऱ्याने लक्षात घेणे गरजेचे ठरते.

सशस्त्र गुन्हेगारीचा धोका काल्पनिक नाही. डिसेंबर २०१० मध्ये नोगालेसच्या वायव्येकडील पेक दरीत सीमा गस्ती दलाचे जवान ब्रायन टेरी यांचा सशस्त्र टोळीशी झालेल्या चकमकीत मृत्यू झाला. ही दरी कूझ हरणांच्या प्रदेशातच आहे. २००६ मध्ये ब्वेनोस आइरेस राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानातील सीमेलगतचा सुमारे ३,५०० एकरांचा पट्टा तस्करी आणि हिंसेच्या कारणास्तव लोकांसाठी बंद करण्यात आला होता.

भीतीपोटी होणारी चूक तितकीच घातक ठरू शकते. जानेवारी २०१७ मध्ये टेक्सास राज्यातील प्रेसिडियो काउंटीत, सीमेलगतच्या एका खासगी कुरणावर शिकारीसाठी गेलेल्या गटातील दोघे जण रात्री गोळी लागून जखमी झाले. सीमेपलीकडून आलेल्या लोकांनी हल्ला केल्याचा समज प्रथम पसरला. तपासात मात्र बाहेरच्या कोणाचा सहभाग असल्याचा पुरावा आढळला नाही. अंधारात आणि गोंधळात गटातील लोकांनीच एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या, असा निष्कर्ष तपास अधिकाऱ्यांनी काढला. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री शस्त्र कोणाकडे असेल, कोण कोठे झोपेल आणि बाहेर जाणाऱ्याने काय हाक द्यावी, हे आधी ठरविणे का आवश्यक असते, ते या घटनेतून स्पष्ट होते.

## सीमारेषा ओळखणे

सीमेवर सर्वत्र उंच भिंत आहे, असा समज असल्यास तो दिशाभूल करणारा ठरतो. काही ठिकाणी पोलादी खांबांची भिंत, काही ठिकाणी केवळ वाहने अडविणारे लोखंडी अडथळे, तर दुर्गम कडेकपारींत साधे काटेरी तारेचे कुंपण असे तिचे स्वरूप वेगवेगळे आहे. रेषेवर सीमास्तंभ उभारलेले आहेत. १८९० च्या दशकातील संयुक्त सर्वेक्षणात एल पासोपासून प्रशांत महासागरापर्यंत २५८ स्तंभ निश्चित करण्यात आले. मात्र दोन स्तंभांमधील अंतर काही किलोमीटर असू शकते. त्यामुळे केवळ स्तंभांवर विसंबून राहता येत नाही.

ही अडचण टाळण्यासाठी सीमा आणि जमिनीच्या मालकीहद्दी दाखविणारा नकाशा उपग्रह-स्थाननिश्चिती यंत्रात अथवा भ्रमणध्वनीत आधीच उतरवून घेतला जातो. डोंगराळ भागात जाळे मिळत नसल्याने नकाशा जाळ्याविना चालणारा असावा लागतो. सोबत कागदी नकाशा आणि होकायंत्र ठेवण्याची प्रथा आहे. अनुभवी शिकारी प्रत्यक्ष सीमेच्या अलीकडे स्वतःसाठी एक मर्यादा आखतात आणि त्या मर्यादेपलीकडे दिसलेले हरीण सोडून देतात. ही मर्यादा ठरविताना रायफलचा पल्ला आणि जखमी हरीण धावू शकेल असे अंतर, या दोन्हींचा विचार केला जातो.

## जमिनीची मालकी आणि प्रवेश

दक्षिण ॲरिझोनात जमिनीचे मालक अनेक आहेत आणि प्रत्येकाचे नियम निराळे आहेत.

* राष्ट्रीय वन: कोरोनाडो राष्ट्रीय वनाच्या बहुतेक भागात परवानाधारकास शिकार करता येते.
* राष्ट्रीय स्मारक-क्षेत्र: वाचूका रांगेच्या दक्षिण टोकाशी, थेट सीमेला लागून असलेल्या कोरोनाडो राष्ट्रीय स्मारक-क्षेत्रात शिकारीस बंदी आहे. राष्ट्रीय वनातून चालत गेल्यास ही हद्द सहज ओलांडली जाऊ शकते.
* आदिवासी राष्ट्रांची भूमी: तोहोनो ओओधम राष्ट्राची भूमी सुमारे १०० किलोमीटरपर्यंत सीमेला लागून आहे. राज्याचा शिकार-परवाना तेथे लागू होत नाही. बाबोकिवारी पर्वत ओओधम लोकांसाठी पवित्र आहे.
* राज्य न्यास भूमी: वैध शिकार-परवाना असलेल्यास शिकारीच्या कामासाठी येथे प्रवेश मिळतो.
* खासगी कुरणे: मालकाची परवानगी आवश्यक असते. कुरणमालकांना परिसरातील अलीकडच्या हालचालींची माहिती असते, म्हणून त्यांच्याशी आधी बोलणे उपयुक्त ठरते.
* रूझवेल्ट राखीव पट्टा: १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको येथील सीमेलगतचा ६० फूट रुंदीचा पट्टा शासनासाठी राखून ठेवला.

सीमेलगतच्या जमिनीचा दर्जा बदलूही शकतो. एप्रिल २०२५ मध्ये शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातील सीमेलगतची १ लाख ९ हजारांहून अधिक एकर सार्वजनिक जमीन तीन वर्षांसाठी लष्कराकडे सोपविण्यात आली. अशा क्षेत्रात अनुमतीविना शिरणे म्हणजे लष्करी जागेत घुसखोरी ठरू शकते. त्यामुळे मागील हंगामाच्या अनुभवावर न विसंबता प्रत्येक हंगामापूर्वी संबंधित कार्यालयाकडून ताजी माहिती घेणे आवश्यक ठरते.

## शस्त्राची हाताळणी

शिकारी-शिक्षणात शिकविले जाणारे मूलभूत नियम सर्वत्र सारखे आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजणे, नळी नेहमी सुरक्षित दिशेस ठेवणे, नेम पक्का होईपर्यंत बोट घोड्यापासून दूर ठेवणे आणि लक्ष्य व त्यामागील जागा खात्रीने ओळखणे, असे ते चार नियम होत. ॲरिझोनात १० ते १३ वर्षे वयाच्या मुलांना मोठ्या प्राण्यांच्या शिकारीपूर्वी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. १० वर्षांखालील मुलांना अशी शिकार करता येत नाही.

सीमेजवळ चौथ्या नियमाला विशेष महत्त्व येते. हरणाच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या सामान्य रायफलीची गोळी काही किलोमीटर अंतरापर्यंत जाऊ शकते. हरणाच्या मागे मातीचा उतार नसून मोकळे आकाश असेल, तर चुकलेली गोळी कोठे पडेल हे सांगता येत नाही. ती दिशा दक्षिणेची असल्यास गोळी दुसऱ्या देशातील वस्तीत अथवा रस्त्यावर पडू शकते. म्हणून कड्याच्या धारेवर उभ्या असलेल्या हरणावर आणि सीमेच्या दिशेने बार न काढणे, हे येथील दोन पक्के संकेत आहेत.

झुडपातील हालचाल, आवाज किंवा रंगाचा ठिपका यांवर नेम धरणे कोठेही वर्ज्य आहे. सीमाभागात स्थलांतरित बहुधा गडद अथवा झाडीच्या रंगाचे कपडे घालतात आणि दिवसा झुडपांच्या सावलीत पडून राहतात. त्यामुळे हरणाचे डोके, शिंगे आणि संपूर्ण देह स्पष्ट दिसल्याखेरीज रायफल खांद्याला लावली जात नाही. रायफलवरील दुर्बिणीचा वापर केवळ नेमासाठी करावा, हा नियम याच कारणास्तव आवर्जून सांगितला जातो. त्या दुर्बिणीतून एखाद्या माणसाकडे पाहणे म्हणजे त्याच्यावर बंदूक रोखणेच होय. समोरची व्यक्ती सशस्त्र असल्यास ती त्याचा अर्थही तसाच घेईल.

ॲरिझोनात हरीण-शिकारीसाठी भगव्या-नारिंगी रंगाचे कपडे कायद्याने सक्तीचे नाहीत. तरीही सीमेलगत टोपी, जाकीट किंवा पाठपिशवीवर हा रंग वापरण्याची शिफारस केली जाते. हरणांना हा रंग माणसांसारखा भडक दिसत नाही. माणसाला मात्र तो दुरूनच शिकारी असल्याची खूण पटवितो.

राज्याच्या कायद्यानुसार वन्य प्राण्यांची शिकार दिवसाउजेडीच करता येते. वस्ती असलेल्या घरापासून पाव मैलाच्या (सुमारे ४०० मीटर) आत मालकाच्या परवानगीविना शिकारीसाठी बंदूक चालविता येत नाही. रस्त्यावरून अथवा रस्त्यापलीकडे गोळी झाडण्यासही मनाई आहे. मावळतीच्या वेळी टिपलेले हरीण सोलून वाहून आणण्यास कित्येक तास लागतात आणि परतीची वाट अंधारात काढावी लागते. म्हणून सीमेजवळ दिवसाच्या अखेरचा बार टाळणे हितावह समजले जाते.

## सीमा ओलांडण्याचे परिणाम

जखमी हरणाचा माग काढून त्याला वेदनामुक्त करणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य मानले जाते. सीमेलगत या कर्तव्याला कायद्याची मर्यादा पडते. हरीण रेषेपलीकडे गेल्यास त्याचा पाठलाग करण्याचा अधिकार अमेरिकी परवान्याने मिळत नाही. अशा वेळी माग जेथे तुटला त्या जागेची नोंद करून वन्यजीव विभागाच्या अधिकाऱ्यास कळविणे हाच योग्य मार्ग असतो. हा प्रसंग क्लेशदायक असतो. त्यामुळे सीमेच्या अगदी जवळ असताना बारच न काढण्याचा संकेत अनेक जण पाळतात.

शस्त्रासह मेक्सिकोत शिरणे हा तेथील संघीय कायद्याने गंभीर गुन्हा आहे. मेक्सिकोत शस्त्रविषयक मुख्य कायदा १९७२ पासून लागू असून शिकारीच्या बंदुकीसाठीही तेथील संरक्षण मंत्रालयाचा पूर्वपरवाना लागतो. केवळ काडतुसे बाळगल्यामुळेही अटक होऊ शकते. चुकून प्रवेश झाला, ही सबब पुरेशी ठरत नाही. २०१४ मध्ये तिहुआना येथील प्रवेशद्वारावर वाहनात बंदुका घेऊन आलेल्या अमेरिकी मरीन दलाच्या एका सैनिकाला अटक झाली. आपण चुकीच्या मार्गिकेत शिरलो, असे त्याचे म्हणणे होते. तरीही त्याला सुमारे ७ महिने मेक्सिकोच्या तुरुंगात काढावे लागले.

शिकारीहून परतताना नोगालेस अथवा सासाबेच्या दिशेने चुकीचे वळण घेतल्यास असा प्रसंग ओढवू शकतो. वाहनाच्या फटीत राहून गेलेली जुनी काडतुसेही पुढे मेक्सिकोच्या सहलीत अडचणीत आणू शकतात. म्हणून सीमापार प्रवासापूर्वी वाहन पूर्ण रिकामे करून तपासले जाते. सोनोरात कायदेशीर शिकार करावयाची असल्यास स्थानिक अधिकृत आयोजकांमार्फत शस्त्र व शिकारीचे परवाने काढले जातात. बंदूक नेण्यापूर्वी अमेरिकी सीमाशुल्क कार्यालयात ४४५७ क्रमांकाच्या अर्जावर तिची नोंद केल्यास परत आणणे सोपे जाते.

## सीमा गस्ती दलाशी संपर्क

अमेरिकी सीमा गस्ती दलाची स्थापना १९२४ मध्ये झाली. दक्षिण ॲरिझोनाचा बहुतेक भाग दलाच्या टूसॉन विभागात येतो. सीमेपासून २५ मैलांच्या आत खासगी जमिनीवर (राहत्या घरांखेरीज) अधिपत्राविना प्रवेश करण्याचा अधिकार कायद्याने दलाला दिलेला आहे. देशाच्या आतील महामार्गांवरही तपासणी नाके आहेत. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नाक्यांवर वाहने थोडा वेळ थांबविणे वैध ठरविले.

गस्तीच्या जवानांना शिकारी भेटणे हा हंगामातील नेहमीचा भाग आहे. तरीही जमिनीतील संवेदक, टेहळणी मनोरे, ड्रोन आणि हेलिकॉप्टर यांच्या नोंदीत शिकारी प्रथम केवळ ‘सशस्त्र व्यक्ती’ असतो. म्हणून पुढील गोष्टी पाळल्या जातात.

* जवान जवळ येताच रायफल पाठीला अडकवून अथवा जमिनीवर ठेवून हात मोकळे दिसतील असे उभे राहणे.
* आपण शिकारी असल्याचे आणि शस्त्र कोठे आहे हे स्वतःहून, शांतपणे सांगणे.
* ओळखपत्र, शिकार-परवाना आणि परवानापट्टी सहज काढता येईल अशी ठेवणे.
* तपासणी नाक्यावर पोहोचण्यापूर्वी रायफल रिकामी करून पेटीत ठेवणे.
* रानातील संवेदक, कॅमेरे आणि मनोऱ्यांना हात न लावणे. १ जानेवारी २०२२ पासून ॲरिझोनात शिकारीच्या कामासाठी रानात कॅमेरे लावण्यास बंदी असल्याने, दरीत दिसणारा कॅमेरा शासकीय यंत्रणेचा किंवा संशोधकांचा असण्याची शक्यता अधिक असते.

मुक्कामाची जागा आणि वाहनाचे वर्णन जवळच्या ठाण्यास आधी कळविण्याची प्रथाही आहे.

## अनोळखी व्यक्तींशी गाठ

झुडपांतून चालणारा समूह दिसल्यास अंतर राखणे, त्यांचा मार्ग न अडविणे आणि त्यांना न हटकता तेथून निघून जाणे, हा सर्वसाधारण सल्ला आहे. सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर जागा, वेळ, अंदाजे संख्या आणि दिशा यांची माहिती गस्ती दलास देता येते. पाठलाग करणे, थांबविणे किंवा बंदूक रोखणे हे शिकाऱ्याचे काम नाही. शिकारीचा परवाना म्हणजे गस्तीचा अधिकार नव्हे. कोणाला धाक दाखविण्यासाठी शस्त्र रोखल्यास शिकाऱ्यावरच फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो.

काळ्या रंगाचे पाण्याचे कॅन, तळाला गालिच्याचे कापड लावलेली पादत्राणे, टाकून दिलेल्या पिशव्या आणि रुळलेली अरुंद पायवाट या वापरातील मार्गाच्या खुणा असतात. अशा मार्गावर किंवा ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकला जात नाही. बेवारस गाठोड्यास हात न लावता त्या जागेपासून दूर जाणे श्रेयस्कर असते. वाहन कुलूपबंद ठेवून त्यात शस्त्र, पैसा अथवा कागदपत्रे दिसतील अशी ठेवली जात नाहीत.

एखादी व्यक्ती मदत मागत असल्यास तिला पाणी व अन्न देणे आणि ९११ या क्रमांकावर कळविणे हा योग्य मार्ग आहे. स्पॅनिश भाषेतील ‘आग्वा’ (पाणी) आणि ‘आयुदा’ (मदत) हे दोन शब्द ठाऊक असल्यास गैरसमज टळतो. कागदपत्रे नसलेल्या व्यक्तीला जाणूनबुजून वाहनातून पुढे नेणे अमेरिकी कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो, म्हणून बचाव पथकास जागेवरच बोलाविले जाते. मानवी अवशेष आढळल्यास काहीही न हलविता स्थानाची नोंद करून काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या कार्यालयास कळवावे लागते. वर्षानुवर्षे बेपत्ता असलेल्या माणसांचा शोध अशा एखाद्या नोंदीमुळे लागू शकतो.

## पाणी, हवामान आणि भूप्रदेश

ऑक्टोबरच्या हंगामात सखल भागात दुपारचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते. डिसेंबरमध्ये उंचावर रात्री पाणी गोठते. दर माणशी दररोज किमान ४ लिटर पाणी सोबत असावे लागते. वाटेत पाणी मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. गुरांसाठी बांधलेल्या तळ्यांचे पाणी शुद्ध केल्याविना पिण्याजोगे नसते. शिवाय वन्य प्राणी व गुरांचे पाणी तुटू नये म्हणून पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करण्यास राज्याच्या कायद्याने मनाई आहे.

२००० मध्ये स्थापन झालेल्या ‘ह्युमेन बॉर्डर्स’ या संस्थेने वाळवंटात काही ठिकाणी पाण्याची पिंपे ठेवली आहेत. उंच काठीवरील निळ्या झेंड्यावरून ती दुरून ओळखता येतात. संकटात सापडलेल्या कोणालाही ती वापरता येतात. त्यांची नासधूस करणे म्हणजे एखाद्याचा जीव धोक्यात घालणे होय.

निसरडे खडक आणि काटेरी झाडी यांमुळे पडून जखमी होण्याचे प्रसंग उद्‌भवतात. ऑक्टोबरपर्यंत खुळखुळ्या साप सक्रिय असतात. हरणाचा भार पाठीवर घेऊन उतरताना तोल जाण्याची शक्यता वाढते. म्हणून या भागात दोघांनी मिळून शिकार करणे अधिक सुरक्षित ठरते.

## संपर्क आणि शोध-बचाव

निघण्यापूर्वी घरातील अथवा ओळखीच्या व्यक्तीकडे जागा, वाहन लावण्याचे ठिकाण आणि परतण्याची वेळ लिहून ठेवली जाते. ठरलेली वेळ टळल्यास कोणाला कळवावे, हेही त्यात नमूद असते. दऱ्यांमध्ये भ्रमणध्वनी चालत नाही. कधी कधी तो मेक्सिकोतील मनोऱ्याशी जोडला जातो. मेक्सिकोतही आपत्कालीन क्रमांक ९११ च असल्यामुळे अशा वेळी दूरध्वनी तेथील केंद्रात लागू शकतो. म्हणून बोलणाऱ्याने आपण अमेरिकेच्या हद्दीत असल्याचे आणि आपले अक्षांश-रेखांश प्रथम सांगणे आवश्यक असते. उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे लहान यंत्र यावर अधिक भरवशाचा उपाय आहे.

सीमा गस्ती दलाने वाळवंटात बचाव-मनोरे उभारले आहेत. त्यांच्या टोकावर रात्री दिसणारा दिवा असतो आणि खाली लाल बटण असते. बटण दाबून तेथेच थांबल्यास मदत पोहोचते. दलाचे ‘बोरस्टार’ हे शोध-बचाव पथक १९९८ मध्ये स्थापन झाले. स्थलांतरितांबरोबरच हरवलेल्या गिर्यारोहकांना आणि शिकाऱ्यांनाही या यंत्रणेचा उपयोग होतो.

## परदेशी नागरिकांसाठीचे नियम

अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला सर्वसाधारणपणे बंदूक अथवा काडतुसे बाळगता येत नाहीत. एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना असणे हा या नियमाला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. नोकरी अथवा शिक्षणासाठी तेथे राहणाऱ्या मराठी भाषकांसह सर्व भारतीय नागरिकांना हा नियम लागू होतो. १८ वर्षांवरील परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा पुरावा सतत सोबत बाळगावा, अशीही कायद्याची अपेक्षा आहे. सीमाभागात तपासणीची शक्यता अधिक असल्याने तो घरी ठेवून शिकारीस जाणे जोखमीचे ठरते. नकळत सीमा ओलांडल्यास अधिकृत प्रवेशद्वाराखेरीज अन्य जागेवरून परत येणे हा अशा व्यक्तीसाठी विशेष गंभीर प्रश्न बनू शकतो.

## अन्य सीमांवरील स्थिती

अमेरिका-कॅनडा सीमेवर जंगलातून सुमारे ६ मीटर रुंदीचा पट्टा झाडे तोडून मोकळा ठेवला जातो. दोन्ही देशांच्या संयुक्त सीमा आयोगाकडे त्याची देखभाल असते. असा मोकळा पट्टा हरीण टिपण्यास सोयीचा वाटला, तरी त्यात दोन देशांची भूमी असल्यामुळे त्यावर बार काढणे धोक्याचे ठरते. फिनलंडमध्ये रशियाच्या सीमेलगत जमिनीवर जास्तीत जास्त ३ किलोमीटर रुंदीचे सीमाक्षेत्र असून तेथे प्रवेशासाठी सीमा रक्षक दलाची परवानगी लागते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर आदी हरणांची शिकार हा दंडनीय गुन्हा आहे. त्यामुळे देशाच्या सीमेलगत किंवा अन्यत्र हौसेखातर हरीण-शिकार करता येत नाही.